पाठीवर फिक्कट डाग आलेत, पोहणं बंद करू का?

तलावातली_पोर
नमस्कार सगळ्यांले. मी अकरावीत आहे, भंडारा जिल्ह्यातलं गाव, गावाले मोठा मालगुजारी तलाव आहे तिथंच पोहायले शिकली, आता दर रविवारी बाबा गाडीवर शहरातल्या टँकले घेऊन जातात कारण यंदा शालेय स्पर्धेत १०० मीटर फ्रीस्टाइलले उतरायचं आहे. तर झालं असं की उन्हाळ्यापासून माह्या पाठीवर न खांद्यावर फिक्कट डाग पडलेत. आधी तुरीच्या दाण्याएवढे होते, आता काही एकमेकांले चिकटून रुपयाएवढे झाले. खाजत नाही फारसं, घाम आला की थोडं चुणचुणते. बाकी अंग उन्हानं काळं पडलं तसे ते जास्तच उठून दिसतात.

आजी म्हणते कोड फुटलं, मासोळी खाऊन वरून दूध पेली म्हणून. बाबा म्हणतात क्लोरीन. मागच्या रविवारी टँकवर एका पोरीनं विचारलं की हे लागते का कोणाले, न मग ती दुसऱ्या लेनमध्ये गेली. तेव्हापासून मी शिट्टी वाजेपर्यंत खांद्यावर टॉवेल ठेवते. क्लोरीन लागू नये म्हणून पाण्यात जायच्या आधी खोबरेल तेल चोळते अंगाले, तरी वाढूनच राहिले. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली आहे, अजून उघडली नाही. लावू का? न पोहणं बंद करू का, खरं सांगा.

वैनगंगा_काठचा
ताई आधी ते तेल बंद कर. मले दहावीच्या सुट्टीत सेम झालं होतं, दिवसभर नदीवर, ओली बनियन अंगावरच वाळायची. घरचे म्हणे रक्त खराब झालं, महिनाभर कडूनिंबाचा रस पाजला मले. शेवटी मामानं स्किनच्या डॉक्टरकडं नेलं, त्यांनी डागावर नख हळूच ओढलं तर गव्हाच्या कोंड्यासारखा बारीक भुसा निघाला. म्हणाले हे शिबं आहे. मालासेझिया नावाची बुरशी असते, ती बाहेरून येत नाही, सगळ्यांच्याच कातडीवर राहते, घाम, दमट हवा न तेलकटपणा मिळाला की वाढते. तेल तिचं खाणंच आहे न तू रोज वाढून देऊन राहिली तिले. ती बुरशी रंग बनायचं काम अडवते म्हणून तेवढी जागा उन्हात काळी पडत नाही, आजूबाजूची पडते, म्हणून पोहणाऱ्यांच्या अंगावर लवकर डोळ्यात भरते. कोणाले लागत नाही, त्या पोरीले बिनधास्त सांग.

मले कीटोकोनाझोलचा शाम्पू दिला होता, तोच जो कोंड्याले देतात. ओल्या अंगाले लावून पाच मिनिटं थांबायचं न धुवायचं, डॉक्टरनं सांगितले तेवढे दिवस. भुसा लवकर गेला पण रंग यायले दिवाळी उलटली. इथंच लोक फसतात, डाग दिसतात म्हणजे औषध लागू झालं नाही म्हणून दुकानं बदलत फिरतात. दुसऱ्या पावसाळ्यात परत थोडं आलं होतं, तेव्हा घाबरलो नाही.

सेविका_झाडीपट्टी
बाई, मी उपकेंद्रावर आहे. वरच्या भाऊचं बरोबर वाटते पण फोनवर वाचून आपण डाग ठरवायचा नाही, आपल्या भागात तर नाहीच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली इकडं कुष्ठरोगाचे पेशंट आजही निघतात आणि त्याचा पहिला चट्टाही असाच फिक्कट असू शकते, न खाजणारा, न दुखणारा. घाबरू नको, घरीच एक पाहून घे. डोळे मीट, आईले कापसाचं टोक डागाले लावाले सांग, जिथं लागलं तिथं बोट ठेवजो. कधी डागावर, कधी बाजूच्या चांगल्या कातडीवर. डागावर कळलं नाही, बधिर वाटलं, तर दुसऱ्याच दिवशी पीएचसीत ये. एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोगावरच्या दोन-तीन औषधं मिळून असलेल्या गोळ्या फुकट भेटतात, चट्टे कमी असले तर ६ महिने न जास्त असले तर १२ महिने, पूर्ण बरं होते. १९८३ पासून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे औषध आहे, तरी लोक लपवतात न मग हातापायाची बोटं वाकडी झाल्यावर येतात, मले लय वाईट वाटते. कळलं तरी जिल्ह्याच्या सामान्य रुग्णालयात स्किनवाल्याले दाखवजोच.

न ती ट्यूब उघडू नको. दुकानातल्या मिक्स ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टिरॉइड असते, आठ दिवस बरं वाटते, मग बुरशी आतून पसरते, कातडी पातळ होते, नंतर डॉक्टरलेही ओळखू येत नाही मूळ काय होतं ते.

पांढरा_चाफा
बाळा, मला स्वतःला कोड आहे, चौदाव्या वर्षापासून. शाळेत शिकवते, यवतमाळकडे. तुझ्या आजीला सांग, दूध आणि मासोळीचा ह्याच्याशी काही संबंध नाही. कोडात आपलीच प्रतिकारशक्ती रंग बनवणाऱ्या पेशींवर उठते, शिवल्यानं ते होत नाही, कोणाच्या पापानंही होत नाही. डाग खडूसारखा पांढराशुभ्र होतो, कडा स्पष्ट, भुसा नाही, कधी त्यावरचा केसही पांढरा होतो. तुझं वर्णन तसं वाटत नाही, पण तसं निघालं तरी मलम आहेत, लाइटची ट्रीटमेंट आहे, जितक्या लवकर सुरू तितकं बरं. पांढरी जागा उन्हात लवकर भाजते म्हणून सनस्क्रीन मात्र लागेल.

मी तुझ्या वयात तीन वर्षं पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज शिवून घेतले. कबड्डीत होते, सोडली. डॉक्टरनी नव्हती सोडायला सांगितली, कोणीच नव्हती सांगितली, मीच बाजूला झाले. तो टॉवेल बॅगेत राहू दे ग.

तलावातली_पोर
सगळ्यांचे खूप आभार, काल वाचता वाचता रडली मी. संध्याकाळी आईनं देवातल्या वातीचा कापूस घेतला न परसात मले पाटावर बसवलं. मी डोळे मिटून बोट दाखवत गेली, आजी बाजूले बसून मोजत होती. अकरा डाग, अकराही बरोबर कळले. मग आईनं एका डागावर नख ओढलं तर काळ्या ओढणीवर पिठासारखं पडलं, आजीनं ते चष्मा लावून पाहिलं न काही बोलली नाही. तेल कालपासून बंद. मंगळवारी बाबा सुट्टी टाकून भंडाऱ्याले नेणार आहेत, ट्यूबपण दाखवायले घेतली आहे. एकच राहिलं, शाम्पूच दिला तर त्या दिवसांत टँकमध्ये उतरलं तर चालते का? ह्या महिन्यात एकही रविवार सोडायचा नाही मले.

वैनगंगा_काठचा
मी तर रात्री लावून धुवायचो न सकाळी नदीवर, डॉक्टरनं मनाई केली नव्हती. तुह्या डॉक्टरले एकदा विचारून घे. पोहून आल्याबरोबर साध्या पाण्यानं आंघोळ, अंग कोरडं पूस, ओला कॉस्च्युम घालून गाडीवर बसू नको. मंगळवारी काय म्हणाले ते लिहजो इथं.