शब्दचर्चा : कोहातल्या 'रेकॉर्ड' आणि 'आयटम'ला मराठीत काय म्हणावे?

ग्रंथसेवक : सार्वजनिक वाचनालयांतल्या कर्मचाऱ्यांना कोहा ही संगणकप्रणाली शिकवण्यासाठी मराठी टिपणे तयार करायची आहेत. 'रेकॉर्ड'ला 'नोंद' आणि 'आयटम'ला 'वस्तू' असे शब्द पुढे आले आहेत. 'वस्तू' कानाला खटकतो, 'नोंद' फार मोघम वाटतो. 'चेक आउट', 'चेक इन' आणि 'होल्ड' यांचाही प्रश्न आहेच. प्रत्यक्ष काउंटरवर चालतील असे शब्द सुचवावेत.

तालिकाकार : 'आयटम'साठी शब्द शोधायची गरजच नाही, तो 'प्रत'. "याच्या किती प्रती आहेत?" असे आपण रोज विचारतो. 'रेकॉर्ड', म्हणजे पुस्तकाची एकदाच लिहिलेली माहिती, त्याला 'ग्रंथनोंद' म्हणा. नुसते 'नोंद' मात्र मुळीच म्हणू नका, त्याने नुकसान होते.

दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक लिहून ठेवायच्या वहीत, एक ओळ म्हणजे एक प्रत. एका पुस्तकाच्या पाच प्रती आल्या की पाच ओळी आणि पाच दाखल क्रमांक. नोंदवहीवर हात बसलेल्या माणसाला 'नवी नोंद करा' म्हटले की तो कोहात पाच ग्रंथनोंदी करतो. मग ओपॅकवर, म्हणजे वाचकाच्या शोधपानावर, एकच पुस्तक पाच ठिकाणी दिसते आणि प्रत्येकापुढे एकच प्रत. वाचकाने त्यातल्या एकावर नंबर लावला आणि ती प्रत बाहेर गेलेली असली, तर उरलेल्या चार कपाटात असूनही त्याला थांबावे लागते, कारण त्याचा नंबर फक्त त्या एका ग्रंथनोंदीवर लागलेला असतो.

टिपणात क्रम असा द्या. आधी शोधा. पुस्तक सापडले तर नवी ग्रंथनोंद करायची नाही, त्याच ग्रंथनोंदीत 'ॲड आयटम'ने प्रत जोडायची. सापडले नाही तरच नवी ग्रंथनोंद. तिच्यातल्या प्रत्येक क्षेत्राला (रकान्याला) ठरलेला क्रमांक असतो : 020 मध्ये आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक), 100 मध्ये लेखक (आडनाव आधी), 245 मध्ये शीर्षक, 250 मध्ये आवृत्ती, 260 किंवा 264 मध्ये प्रकाशन, 300 मध्ये पृष्ठे. ती जतन झाली की प्रतींचे 952 हे क्षेत्र उघडते. त्यातल्या उपक्षेत्रांना अक्षरे आहेत : पी म्हणजे बारकोड (इथेच दाखल क्रमांक), ओ म्हणजे मागणी क्रमांक (पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा), जी म्हणजे किंमत, वाय म्हणजे पुस्तकाचा प्रकार. पाच प्रतींचे दाखल क्रमांक सलग असतील तर 'ॲड मल्टिपल कॉपीज'मध्ये 5 लिहा, क्रमांक एकेकाने वाढत जातात. सलग नसतील तर प्रती एकेक करूनच घाला.

जुनी आवृत्ती : 'ग्रंथनोंद'पेक्षा 'शीर्षकनोंद' म्हटले तर? एका शीर्षकाची एक नोंद, हे चटकन कळेल.

तालिकाकार : कळेल, पण चुकीचे कळेल. त्याच कादंबरीची दुसऱ्या प्रकाशकाने काढलेली आवृत्ती वेगळी ग्रंथनोंद मागते. एका इंग्रजी पुस्तकाचे दोघांनी केलेले दोन मराठी अनुवाद, तर दोन ग्रंथनोंदी, शीर्षक एकच असले तरी.

खरी अडचण पुढे आहे. मराठी पुस्तकांवर 'आवृत्ती' हा शब्द फार सैल वापरतात. 'सहावी आवृत्ती' असे छापलेले असते आणि आत पुनर्मुद्रणच असते. अशा पुस्तकाला दर खेपेला नवी ग्रंथनोंद करू नये. शीर्षकपानामागचा मजकूर पाहावा, शेवटचा पृष्ठक्रमांक ताडून पाहावा. प्रकाशक तोच, पाने तितकीच आणि 'सुधारित' किंवा 'वाढवलेली' असा उल्लेख नसेल तर जुन्याच ग्रंथनोंदीत प्रत जोडावी. पाने बदलली, नवी प्रस्तावना किंवा परिशिष्ट आले, तर नवी ग्रंथनोंद. किंमत बदलली एवढे कारण पुरत नाही, किंमत प्रतीची असते आणि 952 जी मध्ये जाते. हा परिच्छेद टिपणात ठळक अक्षरांत हवा.

देवघेव : काउंटरबद्दल लिहितो. आपल्याकडे वाचक "पुस्तक बदलायला आलोय" म्हणतो. 'बदलणे' हा सुंदर शब्द आहे, पण टिपणात तो तोडावा लागेल, कारण कोहात त्याची दोन कामे होतात. 'चेक इन'ला 'जमा', 'चेक आउट'ला 'देणे'. क्रम पाठ करून घ्या : आधी जमा, मग देणे. एका वेळी एकच पुस्तक मिळणाऱ्या सभासदाला जुने जमा न करता नवे द्यायला गेलात की मर्यादा ओलांडल्याचा इशारा येतो. तो डावलून पुढे जायची सवय लागली की जुने पुस्तक खात्यावर तसेच राहते आणि पुढे विलंब शुल्क चढते.

दुसरा एक अडथळा वेगळा आहे : सभासदाचा वर्ग आणि पुस्तकाचा प्रकार या जोडीसाठी देवघेवीचा नियमच भरलेला नसतो, म्हणून पुस्तक देता येत नाही. तो काउंटरवरून सुटत नाही, नियमांच्या तक्त्यात जाऊन भरावा लागतो.

'होल्ड'ला 'आरक्षण' लिहा, बोलताना 'नंबर लावणे' चालू द्या.

देवनागरी : 'आधी शोधा' ही पायरी मराठीत हमखास फसते, तिथे इशारा हवा. 'कादंबऱ्या'मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टंकता येतो : ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधात मात्र जुळतीलच असे नाही. 'ॲ'चेही तसेच : एक अखंड अक्षर, दुसरे अ आणि चंद्र जोडून केलेले. शोधात पुस्तक सापडत नाही, माणूस प्रामाणिकपणे नवी ग्रंथनोंद करतो आणि दुबार होते. सर्वांनी एकच पद्धत ठरवावी. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून जे, मग डी, असे केले की पहिल्या तऱ्हेचा ऱ् उमटतो. शोधताना अशी अक्षरे नसलेला शब्द निवडावा, किंवा आयएसबीएन असेल तर त्यानेच शोधावे. जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबू नये.

बारकोडमधले आकडे मात्र इंग्रजीच ठेवा. कोड 39 या नेहमीच्या बारकोडात देवनागरी आकडे बसत नाहीत.

ग्रंथसेवक : 'ग्रंथनोंद', 'प्रत', 'जमा', 'देणे', 'आरक्षण' हे पक्के करतो. आधीच दुबार झालेल्या ग्रंथनोंदींचे काय? आणि तीन खंडांचा ग्रंथ असेल तर?

तालिकाकार : दुबार झालेल्या निवडून 'मर्ज' करा. मराठीत 'एकत्र करणे' पुरे. जी नोंद सर्वांत पूर्ण भरलेली आहे ती मुख्य ठेवा. बाकीच्यांच्या प्रती दाखल क्रमांकांसह तिच्यात येतात आणि रिकाम्या नोंदी जातात. 'डिलीट'च्या वाटेला जाऊ नका, प्रती जोडलेली ग्रंथनोंद तशी पुसताही येत नाही. एकत्र करण्यापूर्वी विदासाठ्याची, म्हणजे कोहातल्या सगळ्या माहितीची, नक्कल (बॅकअप) काढून ठेवा, कारण ही क्रिया एका कळीने उलटवता येत नाही.

खंडांना स्वतंत्र शीर्षके असतील तर प्रत्येकाची ग्रंथनोंद वेगळी. नुसते 'खंड 1, 2, 3' असतील तर ग्रंथनोंद एक, आणि खंड क्रमांक 952 एच मध्ये प्रतीपुढे. पण अशा ग्रंथावर आरक्षण घेताना 'कोणतीही प्रत' हा पर्याय निवडू नये, तिसरा खंड हवा असलेल्या वाचकाला पहिला मिळेल. त्या विशिष्ट प्रतीवरच आरक्षण घ्यावे.