मदत हवी आहे : ‘कार्पे दिएम’साठी खुडणे, वेचणे की तोडणे?

नमस्कार मंडळी. रोमन कवी होरेस (इ.स.पू. ६५ ते ८) याची ल्युकोनोई नावाच्या स्त्रीला उद्देशून लिहिलेली आठ ओळींची कविता मराठीत आणतेय आणि एका क्रियापदापाशी अडलेय.

कवितेच्या शेवटच्या ओळीतल्या ‘कार्पे दिएम’ या लॅटिन शब्दांचं भाषांतर सगळीकडे ‘आजचा दिवस मजेत जगा’ असं दिसतं. मला ते पटत नाही. ‘कार्पे’चं मूळ क्रियापद ‘कार्पेरे’, म्हणजे फूल किंवा फळ देठापासून खुडणं. त्याच्या थोडं आधी होरेस तिला सांगतो की आयुष्य थोडं आहे, लांबलचक आशा छाटून टाक. तिथलं क्रियापद छाटणीचं आहे. वाईन गाळून घे, असंही म्हणतो. म्हणजे सगळी भाषा बागेतली आणि घरातली, आणि बाहेर हिवाळा इटलीच्या पश्चिमेकडच्या तिऱ्हेनियन समुद्राला खडकांवर आपटून दमवतोय. आपण बोलतोय तेवढ्यातच मत्सरी काळ निसटलेला असेल, आणि मग लगेच हे क्रियापद येतं. मौज करण्याचा सल्ला मला त्यात ऐकूच येत नाही.

‘दिवस खुडून घे’ मला सर्वांत जवळचं वाटतं, पण ‘खुडणे’ म्हटलं की कळी अकाली तोडल्यासारखंही वाटतं. ‘वेचणे’ हळुवार आहे, पण वेचायचं ते खाली पडलेलं. ‘तोडणे’ फारच राकट.

तुमच्या बोलीत पिकलेलं फळ अलगद काढून घेण्यासाठी कोणता शब्द आहे? कोकण, खानदेश, विदर्भ, कुठलाही चालेल. शक्यतो एखाद्या वाक्यात वापरून सांगा.