छर्रा नळीत किती आत बसवायचा? अंगठ्याने की पेनाने?

केळीवाला, रावेर

राम राम मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण महिनाभर डोकं खातोय.

माझ्याकडे मोडून भरायची स्प्रिंगवाली ४.५ मिमी एअर रायफल आहे. केळी पॅकिंगच्या शेडमध्ये टेप लावून बरोबर १० मीटर मोजले, मागे वाळूची पोती रचली. पोरगी नववीत आहे, तिला स्पर्धेत उतरायचंय, म्हणून आधी मीच शिकतोय. (घरात यावरून काय ऐकून घेतो ते सोडा.)

दहातले आठ छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकतात. उरलेले दोन पाहुण्यासारखे लांब जाऊन बसतात. टेकू देऊन मारलं तरी तेच.

मेव्हणा अमेरिकेत असतो, तो टार्गेटच्या रायफलीची काडतुसं स्वतः भरतो. म्हणाला, सीटिंग डेप्थ (गोळी किती आत बसवायची ते) बदल, माझा ग्रुप (कार्डावरच्या भोकांचा झुपका) त्यानेच आवळला. तो इंचाच्या हजाराव्या भागात बोलतो, मी बॉलपेनच्या मागच्या टोकाने छर्रा अंदाजे दोन मिमी आत ढकलायला लागलो. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी पुन्हा पांगापांग. काबरं असं होतंय? नक्की किती मिमी ठेवायचं?

धुळे दहा मीटर

भाऊ, आधी साइटचे आणि दस्त्याचे स्क्रू बघा. स्प्रिंगच्या धक्क्याने ढिले होतात. माझा एक ढिला होता आणि मी तीन महिने छर्‍यांना शिव्या घातल्या. आणि टेकू देताना नळी कडक वस्तूवर ठेवू नका, मधला भाग हातावर घ्या, हात उशीवर. स्प्रिंगवालीला आवळून धरलं की ती रुसते.

वरणगावचे नाना

दारूगोळा कारखान्यात आयुष्य गेलं, म्हणून सीटिंग डेप्थ वाचून थांबलो.

मेव्हणा म्हणतो ते त्याच्या जागी खरं आहे, पण ती गोष्ट काडतुसाची. काडतुसात बुलेट पितळी केसच्या मानेत धरलेली असते. ती जास्त आत दाबली की दारूला जागा कमी पडते आणि दाब वाढतो. उलट बाहेर ठेवून रायफलिंगला, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांना, टेकवली, तर निघतानाच अडते आणि तरीही दाब चढतो. या दोन्हींच्या मधे त्याच्या रायफलीला काय मानवतं ते तो शोधतो. मोजमाप टोकापासून धरत नाहीत, टोकं कधी एकसारखी नसतात. बुलेटचा गोलवा खाचांना जिथे पहिल्यांदा भिडतो तिथून धरतात. त्यात मॅगझिनचं (काडतुसं भरायच्या पेटीचं) वेगळं बंधन: ७.६२ × ५१ मापाचं रायफलीचं काडतूस ७१.१२ मिमीपर्यंतच लांब असतं. आपल्याकडे घरी हे करायचं नावही काढू नकोस, १९५९च्या आर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे.

आता तुझा छर्रा. तो डमरूसारखा. डोकं खाचांवर चालतं, मागचा परकर हवेच्या तडाख्याने फुगून नळीला चिकटतो आणि हवा अडवतो. परकराची कड नळीच्या तोंडाशी जराशी वर राहिली, की नळी बंद करताना ती चेमटते. एका बाजूने चेमटलेला छर्रा सरळ जाईल कसा? तुझे दोन पाहुणे त्यातलेच असावेत असा माझा कयास. अंगठ्याचा दाब पहिल्या छर्‍याला एक, चाळिसाव्याला दुसरा. पेनाचंही तेच, त्याला थांबा नाही.

दोन मिमी की दीड, यात पडू नकोस. लाकडाची दांडी घे, टोक गोल घासून गुळगुळीत कर, आणि मागे अशी पायरी ठेव की ती नळीच्या तोंडाला टेकली की दांडी पुढे जाणार नाही. खोली कितीही असो, सगळ्या छर्‍यांना तीच मिळाली पाहिजे.

तपासायचं असं. दोन कार्डं शेजारी लाव. एक छर्रा अंगठ्याने, डाव्या कार्डावर. पुढचा दांडीने, उजव्या कार्डावर. असे वीस-वीस. आधी एका पद्धतीचे सगळे उडवलेस तर दुसरीच्या वेळी खांदा दमलेला असतो आणि दोष पद्धतीला लागतो. पाचाच्या ग्रुपवर भाळू नकोस, पाच कोणाचेही जुळतात.

स्पर्धेच्या कॉम्प्रेस्ड हवेच्या रायफलींना हा प्रश्न पडत नाही. लिव्हर बंद केली की छर्रा दरवेळी तेवढाच आत जातो. तिथे मुलं डोक्याचा व्यास बदलून बघतात, ४.४९, ४.५०, ४.५१. पोरगीला ती रायफल मिळेपर्यंत एवढं लक्षात ठेव: कार्डावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिमीचा, छर्रा साडेचारचा. नुसता शिवला तरी १०. म्हणजे छर्‍याचं केंद्र अडीच मिमी सरकलं तरी दहाच. दशांशात मोजलं तर मात्र दर पाव मिमीला एक दशांश जातो.

केळीवाला, रावेर

नाना, आठ दिवसांनी लिहितोय, मधे माल भरायचा होता.

दांडी सुताराकडून करून घेतली. वीस-वीस मारले. अंगठ्याच्या कार्डावर चार बाहेर, दांडीच्या कार्डावर एक. आणि तो एक माझाच, ट्रकवाल्याचा फोन वाजला आणि बोट हललं. धुळेवाल्या भाऊंचंही खरं निघालं, पुढचा स्क्रू पाऊण फेरा फिरला.

मग डब्यातले छर्रे ताटात ओतून बसलो. शंभरात सात परकर आधीच वाकडे! ते मी इतके दिवस डोळे मिटून भरत होतो.

पोरीने दांडीने वीस मारले. तिचा ग्रुप माझ्यापेक्षा लहान. यावर जास्त लिहीत नाही.

आता ४.४९ बघायचाय, पण अख्खा डबा घेऊन रायफलीला नाही आवडला तर? कोणाकडे थोडे उरलेले असतील तर सांगा, भुसावळपर्यंत मी येतो.

वरणगावचे नाना

आहेत माझ्याकडे, दोनशेच्या आसपास. रविवारी ये, पोरीला आण. आणि येताना बामणोदची वांगी आण भो, इकडे बाजारात धड मिळत नाहीत.