जर्सी छताला टांगा, पण आकडा मैदानावर राहू द्या: अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील निवृत्त क्रमांकांविषयी

रॅलेकर (धागाकर्ता):

गेली नऊ वर्षे मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो आणि दर हिवाळ्यात एकदोन सामने पाहायला चॅपल हिलला, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गावी जातो. तिथल्या डीन स्मिथ सेंटरमध्ये सामना सुरू होण्यापूर्वी मान वर केली, की छतापासून लोंबणाऱ्या जर्सींच्या रांगा दिसतात. या सगळ्या जर्सी सारख्या मानाच्या नाहीत, हे मला बऱ्याच उशिरा कळले. बहुसंख्य जर्सी केवळ सन्मानाच्या आहेत, म्हणजे खेळाडूचे नाव वर झळकते, पण त्याचा आकडा पुढची मुले घालू शकतात. मोजक्या जर्सी मात्र निवृत्त आहेत. त्यांवरचे १०, १२, २०, २३, ३३, ५० आणि ५२ हे सात आकडे आता त्या संघात कुणालाही मिळत नाहीत. देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू म्हणून गौरव झालेल्यांनाच हा मान मिळतो. २३ अर्थातच मायकल जॉर्डनचा आहे.

माझे मत असे, की पहिल्या प्रकारचा सन्मान सर्वांना पुरेसा आहे आणि आकडा निवृत्त करण्याची प्रथा बंद व्हावी. त्याच छताखाली याचा एक चांगला दाखला आहे. जॅक कॉब १९२० च्या दशकात खेळला. त्या काळी जर्सीवर आकडाच नसे, म्हणून त्याच्या नावाची निवृत्त जर्सी आकड्याविना आहे, तरीही त्याच्या मानात कुठे उणीव राहिल्याचे कुणाला वाटत नाही. आकड्याशिवाय गौरव होऊ शकतो, तर आकडा कुलूपबंद करण्याची गरज काय?

शेजारच्या ड्यूक विद्यापीठाने पुरुष संघाचे तेरा आकडे निवृत्त केले आहेत. महाविद्यालयीन खेळात पूर्वापार फक्त शून्य ते पाच हे अंक चालत, म्हणजे ०, ००, १ ते ५, १० ते १५ असे करत ५५ पर्यंत एकूण सदतीस आकडे. त्यातून तेरा वजा केले की चोवीस उरतात. संघात पंधराएक मुले असतात. आणखी पन्नास वर्षांनी नव्या मुलाने काय घालायचे, हा प्रश्न मला खरोखर पडतो.

आयोवा सिटीतून:

आपला मुद्दा नीट मांडला आहे, पण मला तो मुळातच मान्य नाही, आणि कारण सांगायला मला थोडी जागा लागेल.

आयोवा विद्यापीठाच्या पुरुष संघाचा ४० हा आकडा निवृत्त आहे. तो क्रिस स्ट्रीटचा. १६ जानेवारी १९९३ रोजी तो ड्यूकविरुद्ध खेळला आणि त्या सामन्याअखेर त्याचे सलग चौतीस फ्री थ्रो (फाउलबद्दल रेषेवरून मिळणारी मोकळी फेक) यशस्वी झाले होते, जो विद्यापीठाचा विक्रम होता. तीन दिवसांनी, वयाच्या विसाव्या वर्षी, बर्फ सारणाऱ्या वाहनाशी त्याच्या गाडीची टक्कर होऊन तो गेला. त्याने देशातील सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवलेला नव्हता, म्हणजे आपल्या चॅपल हिलच्या कसोटीवर तो बसणार नाही. तरीही इथे त्या आकड्याबद्दल कुणी वाद घालत नाही.

आता पंचवीस वर्षे पुढे या. २५ फेब्रुवारी २०१८, नॉर्थवेस्टर्नविरुद्धचा सामना. जॉर्डन बोहॅनन हा आयोवाचाच मुलगा, स्ट्रीट गेला तेव्हा जन्मलाही नव्हता. त्याचेही सलग चौतीस फ्री थ्रो झाले होते आणि सामना संपायला थोडाच वेळ उरला असताना पस्तिसाव्याची संधी आली. तो रेषेवर उभा राहिला आणि त्याने तो फ्री थ्रो मुद्दाम चुकवला. विक्रमावर स्ट्रीटचे नाव राहावे, एवढाच त्याचा हेतू होता. तो घालत होता तो आकडा ३ होता, ४० नव्हे. पण ४० हा आकडा कुणी घालत नाही म्हणूनच दर पिढीतला मुलगा विचारतो, की तो का नाही, आणि मग त्याला स्ट्रीटची गोष्ट सांगावी लागते. आकडा फिरता राहिला असता, तर बोहॅननच्या पिढीला ४० म्हटल्यावर आपल्या आवडीचा कुणीतरी ताजा खेळाडू आठवला असता. छताकडे सगळेच पाहत नाहीत. संघाच्या यादीत नसलेला आकडा मात्र डोळ्यांत भरतो.

शिट्टी, पुणे:

मी जिल्हा पातळीवर पंच म्हणून काम करतो. धागाकर्त्यांच्या हिशेबात एक दुरुस्ती करणे आवश्यक आहे.

शून्य ते पाच या अंकांचे बंधन पंचांच्या हातांमुळे आले होते. फाउल झाला की पंच गुणलेखकांच्या टेबलाकडे वळून खेळाडूचा आकडा बोटांनी दाखवतो, आणि एका हाताला बोटे पाचच. दोन्ही हातांवर दोन अंक एकाच वेळी दाखवता यावेत, म्हणून सहा ते नऊ हे अंकच वगळले गेले. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळ होतो आणि तिथे बरीच वर्षे ४ ते १५ हेच आकडे असत. ११ ते १५ साठी उजव्या हाताची मूठ म्हणजे दहा आणि डाव्या हाताची बोटे पुढचा अंक, असे आम्ही दाखवायचो. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांत ९९ पर्यंतचे आकडे आले, तेव्हा सोळा दाखवताना आधी हाताची मागची बाजू टेबलाकडे करून एक आणि मग तळवे पुढे करून सहा असे दोन टप्पे आले. पहिल्या मोसमात घाईत माझी गल्लत व्हायची आणि गुणलेखक पुन्हा विचारायचे. सरावाने ते बसले. सांगण्याचा हेतू इतकाच, की ही अडचण सुटण्यासारखी होती.

अमेरिकेत पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळात २०२३-२४ च्या मोसमापासून एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संस्थेने ० ते ९९ पर्यंतचा कोणताही आकडा खुला केला. त्यामुळे सदतीसातून तेरा वजा करण्याचा हिशेब आता लागू पडत नाही. तसे पाहिले तर जुन्या काळी हे बंधनही नव्हते. डेपॉल विद्यापीठात जॉर्ज मायकन ९९ घालत असे आणि सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाला १९५५ व १९५६ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवून देणाऱ्या बिल रसेलचा आकडा ६ होता.

रॅलेकर:

दुरुस्तीबद्दल आभार. टंचाईचा मुद्दा मी मागे घेतो. पण त्यामुळे माझे मूळ म्हणणे बदलत नाही, कारण सगळे आकडे मुलांना सारखे नसतात. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा शाळेपासून जो आकडा पाठीवर घेऊन आलेला असतो, त्यात बरेच काही असते. खुद्द जॉर्डनच्या २३ ची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. थोरल्या भावाचा आकडा ४५, आपण निदान त्याच्या निम्मे तरी व्हावे म्हणून साडेबावीसचे तेवीस केले. ज्या मुलाच्या आकड्यामागे असेच एखादे घर आहे, त्याला ‘६७ मोकळा आहे, तो घे’ असे सांगणे म्हणजे उत्तर नव्हे.

निवृत्त आकडाही कुणाला देता येतो, याचे उदाहरण लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात घडले आहे. माजी खेळाडू वॉल्ट हॅझर्डचा ४२ तिथे निवृत्त झाला होता. केव्हिन लव्ह तिथे येणार होता आणि त्याचा आकडाही ४२. हॅझर्डने स्वतः त्याला परवानगी दिली. मला हॅझर्डचा हा मोठेपणा जर्सी टांगण्याच्या समारंभापेक्षा अधिक भावतो. पुढे २०१४ मध्ये यूसीएलएने अमेरिकी बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनच्या स्मरणार्थ ४२ हा आकडा सर्वच खेळांतून निवृत्त केला. रॉबिन्सन तिथे बास्केटबॉलसह चार खेळ खेळला होता, पण ४२ त्याने पुढे ब्रुकलिनच्या बेसबॉल संघात गाजवला. त्याच्या थोरवीबद्दल दुमत असूच शकत नाही. मात्र त्या दिवसापासून आपला आकडा पुढच्या मुलाच्या हाती सोपवण्याची हॅझर्डने घालून दिलेली वाट तिथे बंद झाली, याचे मला वाईट वाटते.

डरहॅमचा विद्यार्थी:

मी ड्यूकमध्ये शिकतो, त्यामुळे तेरा आकड्यांची बाजू मांडणे माझे काम आहे. आमच्याकडे आकडा निवृत्त व्हायचा तर खेळाडूने पदवी पूर्ण केलेली असावी लागते. जेसन विल्यम्सने तीन वर्षांत पदवी घेतली आणि त्याचा २२ हा आकडा निवृत्त झाला. एल्टन ब्रँड १९९९ चा देशातील सर्वोत्तम खेळाडू, पण दोन वर्षांत निघून गेला. २०१९ मध्ये तोच मान मिळवणारा झायन विल्यमसन एकाच वर्षात विद्यापीठ सोडून गेला. दोघांचेही आकडे निवृत्त झालेले नाहीत. याउलट टेक्सास विद्यापीठाने केव्हिन ड्युरँटचा ३५ हा आकडा तो एका मोसमानंतर गेल्या गेल्या, २००७ मध्येच निवृत्त केला.

ड्युरँट थोर आहे, यात शंका नाही. पण हा विद्यापीठाचा सन्मान आहे, व्यावसायिक संघाचा नव्हे, आणि विद्यापीठात माणूस शिकायला येतो. सध्या खेळाडूंना नावावर पैसे मिळवता येतात, दर वर्षी विद्यापीठ बदलता येते, तेव्हा कोण कुठला हे ठरवणेच अवघड झाले आहे. अशा काळात पदवीची अट मला पूर्वीपेक्षा अधिक योग्य वाटते. प्रथा बंद करण्यापेक्षा अट कडक ठेवावी.

लॉरेन्स, कॅन्सस:

डरहॅमच्या मित्रांना एक विचारतो. आपल्या अटीत विल्ट चेंबरलेन कुठे बसला असता?

कॅन्सस विद्यापीठाकडून तो १९५७ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात खेळला आणि तीन जादा डावांनंतर नॉर्थ कॅरोलायनाने तो ५४-५३ असा जिंकला. पुढच्याच वर्षी पदवी न घेता विल्ट बाहेर पडला. त्या पराभवाचे ओझे त्याने मनावर घेतले होते, इथले लोक आपल्याला दोष देतात असे त्याला वाटत राहिले, आणि तो दशकानुदशके या गावापासून लांब राहिला. जानेवारी १९९८ मध्ये त्याची १३ क्रमांकाची जर्सी अ‍ॅलन फील्डहाउस या विद्यापीठाच्या क्रीडागृहात वर चढली, तेव्हा तो आपले विद्यार्थिदशेतले जॅकेट घालून आला होता. लोकांनी उभे राहून त्याचे स्वागत केले आणि त्याला बोलताना भरून आले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तो गेला. पदवीच्या अटीवर विद्यापीठ अडून बसले असते, तर ती संध्याकाळ झालीच नसती.

आणि धागाकर्त्यांच्या बाजूने हेही सांगतो, की कॅन्ससमध्ये फक्त जर्सी टांगतात, आकडे खेळात राहतात. त्या संध्याकाळी विल्टला काही कमी मिळाले, असे तिथल्या कुणाच्याही मनात आले नसेल.

पालघरहून:

बास्केटबॉलमधले मला फारसे कळत नाही, पण आमच्या जिल्ह्याच्या शार्दूल ठाकूरने २०१७ मध्ये श्रीलंकेत एकदिवसीय पदार्पणात १० क्रमांकाची जर्सी घातली, तेव्हा सचिनचा आकडा घेतला म्हणून त्याला किती बोलणी खावी लागली, हे आम्ही जवळून पाहिले. त्या वेळी तो आकडा निवृत्त असल्याचा कोणताही जाहीर नियम नव्हता. पुढे तो ५४ घालू लागला. नियम आधी स्पष्ट असता, तर त्या मुलाला त्याचा त्रास झाला नसता. म्हणून आयोवा किंवा ड्यूक जे काही ठरवतात ते लिहून ठरवतात, हे मला चांगले वाटते.

रॅलेकर:

पालघरचा मुद्दा रास्त आहे. लॉरेन्सच्या प्रतिसादाने मला हवे ते माझ्यापेक्षा चांगले सांगितले.

आयोवा सिटीच्या मित्रांसाठी: ४० च्या बाबतीत मी माझा आग्रह सोडतो. खेळत असतानाच जो मुलगा गेला, त्याची जागा रिकामी ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे आणि मी ती आधी वेगळी काढायला हवी होती. पण आपल्याच विद्यापीठाने महिला संघातील केटलिन क्लार्कचा २२ हा आकडा फेब्रुवारी २०२५ मध्ये निवृत्त केला, तेव्हा तिला विद्यापीठ सोडून वर्षही झाले नव्हते. तिने तो आकडा घेतला तो २२ जानेवारीला जन्मली म्हणून. उद्या आयोवातल्या एखाद्या गावातून २२ घालून वाढलेली मुलगी त्या संघात येईल, आणि तिचा आकडा तिला मिळणार नाही. त्या मुलीला क्लार्कनेच तो द्यावा, अशी वाट आपण उघडी ठेवायला नको का?

आयोवा सिटीतून:

क्लार्कबाबत घाई झाली, हे मी मान्य करीन. दहा वर्षे थांबता आले असते. पण २२ परत फिरता करावा, हे मला पटत नाही. आयोवा सिटीत सामन्याच्या दिवशी रस्त्याने चालताना सात-आठ वर्षांच्या किती मुलींच्या पाठीवर २२ असतो, ते आपण येऊन पाहा. त्यांना तो आकडा कुणी नाकारलेला नाही. त्या मोठ्या होऊन इथे खेळायला आल्या, तर दुसरा आकडा निवडतील.

क्लार्कने हॅझर्डसारखी परवानगी द्यावी, ही आपली सूचना मात्र मी विचारात घेतो. जिचा आकडा तिनेच ठरवावे, यात गैर काही नाही, आणि विद्यापीठाने तसे नियमात लिहिले तर माझी हरकत नसेल. स्ट्रीटच्या बाबतीत विचारायला कुणी उरलेले नाही. तिथे बोहॅननने कुणाला न विचारता स्वतःच ठरवले, आणि चौतीस चौतीसच राहिले.