चौथीतल्या पोरीला आत्ताच नवोदयचा क्लास लावावा का?

मानेवाड्याची आई
मुलगी चौथीत. गणिताचं तिला वेड आहे, कोणी सांगायची गरज पडत नाही. शेजारच्या ताई म्हणतात, नवोदयचा (सहावीपासूनची सरकारी निवासी शाळा, तिच्या प्रवेश परीक्षेचा) क्लास आत्ताच लावा, पाचवीत उशीर होतो. रोज दोन तास, रविवारी टेस्ट. एका रविवारी मी मुद्दाम बाहेर थांबून पाहिलं. पेपर सुटला तर सगळ्या पोरांचं एकच, "तुला किती?" मला वाटतं, पाचवीत चार महिने सराव पुरे. नवरा म्हणतो, मी पोरीचं नुकसान करून राहिली. तुमचं काय म्हणणं?

कळमेश्वरचे गुरुजी
राग मानू नका ताई, पण हे शहरात बोलणं सोपं आहे. माझ्या जिल्हा परिषद शाळेतल्या पोरांनी ओएमआर पत्रिका, म्हणजे गोल रंगवायची उत्तरपत्रिका, आधी कधी पाहिलेलीच नसते. दोन तासांत 80 प्रश्न, त्यातले 40 मानसिक क्षमतेचे: आरशातली प्रतिमा, घडी घालून कापलेला कागद, वेगळी आकृती शोधा. हुशार पोरगंही पहिल्यांदा गांगरतं. आणि सहावीच्या प्रवेशाला एकदाच बसता येतं. म्हणून मी चौथीपासूनच शाळा सुटल्यावर तासभर घेतो. फुकट.

तर्री_पोहे
गुरुजी, तुमच्या पोरांचं पटलं. पण ताईंचं घर मानेवाड्यात, नागपूर शहरात. आपल्या जिल्ह्याच्या नवोदयला, नवेगाव खैरीला, सहावीच्या जागा जास्तीत जास्त 80, त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण. म्हणजे शहराच्या वाट्याला फार तर 20. त्यासाठी दोन वर्षं काहून जुंपता लेकरू?

नंदनवनकर
उलटा हिशोब करून राहिले भाऊ तुम्ही. जागा कमी म्हणूनच तयारी जास्त लागते ना! माझ्या पोराला नवोदय नाही मिळालं, पण पाचवीच्या शिष्यवृत्तीत बुद्धिमत्ता चाचणी त्याला सोपी गेली. 300 पैकी 100 गुण तिचेच होते. सराव कुठं वाया गेला?
(आमचे एक पाहुणे तर शहरातल्या पोराचं नाव पाचवीपुरतं गावच्या शाळेत घालायला निघाले होते, ते वेगळं.)

कळमेश्वरचे गुरुजी
सांगा त्यांना, तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण शाळेतच झालेली लागतात.

अंबाझरी_आजोबा
क्लासमध्ये पोरं प्रश्नाचा प्रकार ओळखायला शिकतात, विचार करायला नाही. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेत लेखीनंतर प्रात्यक्षिक आणि प्रकल्प असतो, तिथं पाठांतराचं पितळ उघडं पडतं. ताई, पोरगी सहावीत गेली की तिकडं वळवा. तोवर रविवारी रमण विज्ञान केंद्रात न्या, आणि आज एकच प्रश्न विचारा: 1 ते 100 लिहिताना 7 हा अंक किती वेळा येतो? उत्तर सांगू नका.

मानेवाड्याची आई
विचारला, आजोबा. आधी 10 म्हणाली. मग 70 ते 79 आठवले, 19 म्हणाली, 77 एकदाच धरला होता. शेवटी 20. आता स्वतःच हजारापर्यंत मोजायला बसली आहे, वरणभात थंड झाला. गुरुजी, तुमच्या तासाला माझा विरोध नाहीच. रविवारच्या त्या "तुला किती"ला आहे.

नंदनवनकर
छानच. किती वेळ लागला तिला? परीक्षेत एका प्रश्नाला दीड मिनिट असतं.

मानेवाड्याची आई
पाऊण तास. आणि क्लास पाचवीतच.