शब्दचर्चा : 'थ्रम' म्हणजे दशी

भाचीला एकांकिकेसाठी शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधली एक ओळ मराठीत हवी होती : 'कट थ्रेड अँड थ्रम'. तिनं शब्दकोशात 'थ्रम' पाहिला, अर्थ मिळाला 'गुणगुणणे, तारा छेडत राहणे'. मग ओळ झाली 'धागा तोड, गुणगुण तोड'. ती ऐकून मला राहवलं नाही. सोलापुरात राहून हा शब्द चुकायला नको.

चादरीच्या मागावर बीम, म्हणजे ताण्याचं उभं सूत गुंडाळलेला रूळ, संपत आला की ताण्याचा शेवटचा तुकडा विणता येत नाही. सुताची टोकं, ताणा ज्यातून जातो त्या फणीच्या इतकी जवळ येतात की आडवं सूत नेणारा धोटा जायला जागाच उरत नाही. कापड कापून काढल्यावर मागाला लटकत राहतात, ती टोकं म्हणजे थ्रम. गुणगुणण्याचा थ्रम वेगळा. तो नादावरून सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. सोलापूरच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत, दिवसभर मागांची घरघर ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतील, पण त्यांचा आपसात संबंध नाही.

विणकराचा थ्रम फार जुना. जुन्या इंग्रजीत जिभेखालच्या शिरेला 'टुंगेथ्रम' म्हणत, म्हणजे जीभ जिथे बांधलेली असते ते टोक. जर्मनमधला 'ट्रुम' याच कुळातला. त्याचं अनेकवचन 'ट्र्यूमर', अर्थ पडझडीचे अवशेष. मूळ कल्पना एकच : शेवटी उरलेला तुकडा.

खलाशी शिडाच्या कापडात दोराचे आखूड तुकडे ओवून जाड झुबकेदार पट्टी करत, तेही 'थ्रम' करणंच. आणि प्रिमरोजच्या ज्या फुलांत नळीच्या तोंडाशी पुंकेसरांचा झुबका दिसतो, ती 'थ्रम-आइड' फुलं. ज्यांत टाचणीच्या डोक्यासारखं स्त्रीकेसराचं टोक दिसतं, ती 'पिन-आइड'. डार्विननं 1862 साली या दोन प्रकारांवर निबंध लिहिला. माळ्यांनी फुलाला विणकराचा शब्द दिला, हे मला फार आवडतं.

आता ती ओळ. नाटकात ती बॉटमच्या तोंडी आहे, आणि बॉटम धंद्यानं विणकर! नाटकातल्या नाटकात पिरॅमस या प्रियकराची भूमिका करताना, प्रेयसी थिस्बी मेली असं समजून तो दैवाला म्हणतो, विणलेलं आणि उरलेलं, सगळंच तोडून टाक. 'सुताचे तुकडे' म्हटलं तर मागाचा वास जातो. आपल्याकडे नेमका शब्द आहे : दशी. पदराच्या सुटलेल्या धाग्याला आजही दशीच म्हणतात. बीजेची कोर दिसली की आजी पदराची दशी काढून चंद्राला वाहायची.

दशी आली संस्कृत 'दशा'वरून. 'दशा' म्हणजे वस्त्राच्या काठाची सुतं, दिव्याची वात, आणि माणसाची अवस्थाही. मरायला निघालेल्या पिरॅमसला आणखी काय हवं? 'सूत तोड, दशी तोड.' भाचीनं हीच ओळ ठेवली आहे.