बायपोलर: संशोधनासाठी रक्त द्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाला बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य असा मनाचा आजार) आहे. लिथियमच्या गोळ्या चालू आहेत, तरी दर पावसाळ्याच्या आसपास उन्माद उसळतोच. परळला ज्यांच्याकडे दाखवतो त्या डॉक्टरांनी परवा विचारलं, संशोधनासाठी तुम्ही दोघं भावंडं रक्त द्याल का? रक्तातल्या पेशींच्या स्टेम सेल, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या मूळ पेशी, करायच्या (जपानी शास्त्रज्ञ यामानाकांचं २००६चं तंत्र, ज्याला २०१२चं नोबेल मिळालं) आणि त्यांपासून चेतापेशी (मेंदूतल्या पेशी) वाढवायच्या. माझं रक्त कशाला, तर एकाच घरातला निरोगी माणूस तुलनेला हवा असतो.

रात्री वाचत बसले. २०१५ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात बायपोलर रुग्णांच्या अशा चेतापेशी अतिउत्तेजित दिसल्या. लिथियमने शांत झाल्या त्या मात्र लिथियम लागू पडणाऱ्यांच्याच. हे आईला सांगितलं आणि पंचाईत झाली. "मग याच्या पेशींवर सगळी औषधं लावून बघू देत की!" बंगळुरूला निम्हान्स हे मानसिक आजारांचं इस्पितळ आणि एनसीबीएस व इनस्टेम या संशोधन संस्था मिळून हे काम करतात कळल्यावर ठाण्याचा मामा तिकिटं काढायला निघालाय.

अशी तपासणी खरंच करून मिळते का? आणि संमतीच्या फॉर्मवर सही करण्याआधी काय विचारायचं?

*

प्रतिसाद:
ताई, पेशींच्या लॅबमध्ये काम करतो म्हणून लिहितोय. मामांना थांबवा. एका माणसाच्या पेशींपासून चेतापेशी होईपर्यंत कित्येक महिने जातात, आणि त्या असतात गर्भातल्या बाळाच्या मेंदूइतक्या कोवळ्या. त्यावरून तुमच्या भावाची गोळी ठरवता येत नाही. अनेक रुग्णांच्या पेशी एकत्र पाहून आजाराचा माग काढायला त्या उपयोगी, म्हणून नमुना जरूर द्या. फक्त विचारा: नमुना किती वर्षं ठेवणार, कंपनीला देणार का, जनुकांत काही सापडलं तर कळवणार का, नंतर माघार घेता येईल का.

औषधाचं म्हणाल तर लिथियमची लेव्हल, थायरॉइड, किडनी बघून डॉक्टरांशी आत्ताच बोला. आणि कोणी 'स्टेम सेलने बायपोलर बरा करतो' म्हणालं तर तिथे पाऊलही टाकू नका. तो मान्य उपचार नाही.

*

धागाकर्ती:
आभार. फॉर्म इंग्रजीत आहे, आईला कळत नाही. मराठीत मागितला तर चालतो का?

*

प्रतिसाद:
चालतो काय, द्यायलाच हवा. मिळेपर्यंत सही करू नका.